रोजच्या बारा पोस्टी आणि टिंबकाका

नोकरीच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला. "मॅडम, दिवसाला किती लिहू शकाल?"

मी विचारलं, "केवढं लिहायचं?"

"ते तुमच्यावर. किती, ते सांगा."

मी बारा म्हणाले. बाराच का, ते आजही सांगता येणार नाही. दहा कमी वाटले असावेत आणि पंधरा म्हणायला जीभ वळली नसावी. समोर बसलेले सर तिशीतले होते. त्यांनी वहीत 'बारा' लिहून त्याभोवती गोल काढला, आणि मी मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीची कंटेंट रायटर झाले. वय वर्षं सत्तेचाळीस. तोवर मी आयुष्यात एकही गेम खेळले नव्हते. ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लिहिण्याचा अनुभव मात्र माझा दांडगा. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन विरारला आले आणि बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये चौथ्या मजल्यावर स्थिरावले. वीस वर्षं क्लासमध्ये मराठी शिकवलं आणि सोबत गाइडांसाठी निबंध लिहिले. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त मी लिहिलंय, पडक्या किल्ल्याचं मनोगत लिहिलंय, 'मी मुख्यमंत्री झालो तर' सोळा वेगवेगळ्या प्रकारे लिहिलंय. न पाहिलेल्या, न भोगलेल्या गोष्टींवर पंचवीस ओळी पाडणं हा माझा धंदाच होता. पुढं मराठीच्या क्लासला मुलं येईनाशी झाली, आणि ही सगळी विद्या घेऊन मी सातिवलीच्या या ऑफिसात पोचले.

ऑफिस एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली प्लास्टिकच्या बादल्यांचं गोडाऊन. जिन्यात एकात एक घातलेल्या बादल्यांचे मनोरे असत आणि त्यांच्यामधून अंग चोरून वर यावं लागे. वर आम्ही सात-आठ माणसं. माझ्या शेजारच्या टेबलावर चंदनसारला राहणारी एक मुलगी बसे. ती चित्रं करायची. ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणू लागली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा तिचा झाला.

गेम शेतीचा होता. फोनवर एक रिकामं शेत मिळतं. त्यात पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं, की आणखी शेत मिळतं. वांगं चार मिनिटांत तयार होतं, ऊस अकरा मिनिटांत. माझे वडील हयात असते तर त्यांना हे दाखवायची माझी हिंमत झाली नसती. खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला खेळाच्या आतच एक जागा होती, तिला आम्ही कट्टा म्हणायचो. सरांचा सिद्धान्त असा, की लोक खेळायला शेतावर येतात, पण टिकतात ते कट्ट्यामुळं. म्हणून कट्टा हलता राहिला पाहिजे. तो हलता ठेवणं हे माझं काम.

मी तो हलवू लागले. 'वांगी लावण्याचे सात फायदे.' 'आज तुम्ही काय पेरलंत?' 'यशस्वी शेतकऱ्याच्या पाच सवयी.' 'पाणी घालताना ही चूक तुम्ही करत नाही ना?' सकाळी सहा, जेवणानंतर सहा. चंदनसारची मुलगी प्रत्येकीला एक चित्र जोडायची. तिच्याकडं उगवत्या सूर्यासमोरचा एक ट्रॅक्टर होता, तोच कधी डावीकडं तोंड करून, कधी उजवीकडं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर महिन्याचा आकडा लिहिला जाई. पहिल्या महिन्यात मी आकडा पुरा केला तेव्हा सरांनी सगळ्यांना सामोसे दिले. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

वाचत कोण होतं, हा प्रश्न तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही. प्रत्येक पोस्टीखाली चार-पाच हात जोडलेले दिसत, ते ठरावीक माणसांचे. एकदा चंदनसारची मुलगी म्हणाली, "ताई, ही भोपळ्याची पोस्ट तुम्ही सोमवारी पण टाकली होती."

"अगं बाई! मग?"

"मग काही नाही. गेल्या महिन्यात पण टाकली होती."

तिन्ही वेळा तेच हात जोडलेले होते.

मग ती केळीची पोस्ट आली. नाव होतं, 'केळीपासून वर्षभर उत्पन्न : पाच सोपे उपाय'. त्यात मी तिसरा उपाय असा दिला होता, की एक घड काढल्यावर झाडाला लगेच भरपूर पाणी द्यावं, म्हणजे त्याच झाडाला येणारा पुढचा घड अधिक मोठा होतो. दुपारी खाली उत्तर आलं.

"केळ एकदाच घड देते. मग ती कापायची असते. लिहिणाऱ्याने केळ पाहिलेली नाही."

मला राग आला. केळी मी रोज पाहत होते, घरी फ्रिजवरच्या टोपलीत. उत्तर देणाऱ्याचं नाव बघायला गेले तर नाव नव्हतंच. खेळात शिरताना नाव भरावंच लागतं, रिकामं सोडता येत नाही. या माणसानं तिथं नुसतं एक टिंब दिलं होतं. कुणी टीका केली तर काय लिहायचं ते आमचं ठरलेलं असे. तेच मी चिकटवलं : "आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद! आपल्या खेळात केळ दर सहा मिनिटांनी घड देते. खेळत राहा!" खाली ट्रॅक्टर.

दुसऱ्या दिवशी जेवण करून येते तो टिंबानं स्वतःची एक पोस्ट टाकली होती. ती मी उतरवून ठेवली होती, म्हणून जशीच्या तशी देते.

"सहा मिनिटांत घड देणारी केळ मला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती सांगतो. केळ घड देते आणि संपते. मग तिचं खोड कापतात. बुंध्याशी पाच-सहा पिलं आलेली असतात. सगळी ठेवली तर सगळी मरतुकडी होतात, म्हणून एकच ठेवायचं. रुंद पानांचं पील दिसायला छान असतं, पण त्याला आधार नसतो. तलवारीसारख्या अरुंद पानांचं ठेवावं. मी पहिल्या वर्षी सगळी रुंद पानांची ठेवली. वडील बघत होते, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वाऱ्यानं वाडी आडवी झाली तेव्हा म्हणाले, आता कळलं ना. त्यांना आधी सांगता आलं असतं. मी माझ्या मुलाला आधी सांगेन असं ठरवलं होतं. पण तो विचारत नाही."

बस्स, एवढंच. ना चित्र, ना 'खेळत राहा'.

संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर जे झालं ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. जळगावकडच्या एकानं लिहिलं, की त्याचे वडीलही असेच बघत उभे राहायचे. आखातात नर्स असलेल्या एकीनं लिहिलं, की तिच्या वडिलांच्या सदऱ्यांवर केळीचे डाग होते आणि ते सदरे आई अजून टाकू देत नाही. एकानं फक्त 'मी आज फोन करतो' एवढंच लिहिलं. कुणाला, ते लिहिलं नव्हतं. माणसं माणसांशी बोलत होती. त्याच दिवशी मी टाकलेल्या बारा पोस्टी या गर्दीच्या खाली कुठंतरी पडून होत्या, प्रत्येकीला चार-चार हात जोडलेले.

मुलगी म्हणाली, "ताई, हे काका भारी आहेत." त्या दिवसापासून आमच्यापुरते ते टिंबकाका झाले.

सरांनी टिंबकाकांची पोस्ट छापून भिंतीवर लावली आणि सगळ्यांना उभं करून एक छोटं भाषण केलं. "आपण चुकत होतो," ते म्हणाले. "आकड्याच्या मागं लागलो होतो. कंटेंटमध्ये क्वालिटी पाहिजे. एक अशी पोस्ट शंभर पोस्टींना भारी आहे." मला खरंच हायसं वाटलं. वाटलं, चला, सुटलो. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तर मॅडम, उद्यापासून अशा बारा."

मी म्हटलं, "सर, अशा बारा कुठून आणू?"

"एक आलीये ना? तिथूनच. त्या काकांना धरा. महिन्याला तीस त्यांच्याकडून घ्या, बाकी तुम्ही बघा. त्यांना आपण सोन्याचा ट्रॅक्टर देऊ."

सोन्याचा ट्रॅक्टर ही आमच्या खेळातली सगळ्यांत मोठी गोष्ट. शंभर पायऱ्या चढलेल्या खेळाडूलाच तो मिळायचा. त्यासाठी लोक सकाळचा चहा सोडून ऊस काढत बसायचे.

मी टिंबकाकांना निरोप पाठवला, की आम्हाला भेटायला यायचंय. उत्तर आलं : "या. तीननंतर. निर्मळच्या पुढे येऊन कोणालाही विचारा, गुडघेवाला कुठे राहतो."

चंदनसारच्या मुलीच्या स्कूटीवरून आम्ही दोघी पूल ओलांडून पश्चिमेला गेलो. वीस वर्षं इथं राहून मी त्या बाजूला फार तर नातेवाइकांना समुद्र दाखवायला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या, मध्ये घरं, घरांसमोर क्रूस. दुकानात विचारल्यावर दुकानदारानं हसून बोट दाखवलं.

ते ओट्यावर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, सडसडीत. दोन्ही पाय समोर स्टुलावर, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचे लांब व्रण. डॉक्टरांनी चार महिने वाडीत उतरायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून नातीनं फोनवर शेती घालून दिली होती.

"बसा बाय," ते म्हणाले. "तुम्हीच का त्या वांग्याच्या सात फायद्यांच्या?"

मी मान हलवली. त्यांच्या पत्नी आतून चहा आणि ताटलीत सुकेळी घेऊन आल्या. सुकेळी म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला खाऊ, मधासारखा चिकट आणि गोड. नवराबायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलले. त्यातलं मला निम्मं कळलं, आणि ते निम्मं माझ्याबद्दल होतं.

मुलीनं विचारलं, "काका, तुमचं शेत दाखवा ना."

त्यांनी फोन पुढं केला. मी बघतच राहिले. आमच्या खेळात नवशिक्यालासुद्धा आठवड्यात दोन एकर भरून टाकता येत होते. यांच्या शेतात मधोमध केळीचं एकच झाड होतं. बाकी सगळी मोकळी जमीन. दुसऱ्या पायरीवर अडकून पडलेला असा खेळाडू आमच्याकडं दुसरा नसेल.

"एवढंच?" मी म्हटलं.

"आणखी लावून तोडणार कोण?"

"काका, यात तोडायला फक्त बोट लावायचं असतं."

"ते कळलं मला. पण मग करमतं कसं लोकांना?"

मी सरांचा निरोप सांगितला. महिन्याला तीस. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "केळीचं मला जे ठाऊक होतं ते त्या एका पोस्टीत आलं की. तेवढं कळायला पंधरा वर्षं लागली. तुमच्या साहेबांना तीस पाहिजेत म्हणजे..." त्यांनी मनात काही हिशेब केला आणि सोडून दिला. "अजून एखाददुसरं असेल. आठवलं की लिहीन."

"कधी आठवेल?"

"ते कसं सांगू?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. सोन्याचा ट्रॅक्टर.

"ठेवू कुठं?" ते म्हणाले. "एक झाड आहे माझं. त्याच्यावर जाईल तो."

मुलगी खो-खो हसली. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही रोज बारा लिहिता ना? मी वाचतो."

"सगळ्या?"

"सगळ्या. बसूनच असतो मी. आणि दुसरं कोण वाचणार?" त्यात खवचटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुम्हाला स्वतःला काय येतं, बाय?"

"मी निबंध लिहिते."

"ते लिहिणं झालं. येतं काय?"

वीस वर्षांत लोकांनी मला विषय दिले होते, ओळी मोजून दिल्या होत्या, प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेवटी मी म्हटलं, "मला कढीपत्ता जगवता येत नाही. गॅलरीत तीनदा लावला, तीनदा मेला."

"मग ते लिहा," ते म्हणाले.

मी ते लिहिलं. त्याला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे 'कढीपत्त्याचे आपल्या जीवनातील स्थान' असंच सुरू झालं होतं, ते खोडलं. मग लिहिलं, की पहिला कढीपत्ता मी पाणी घालून-घालून मारला, दुसरा पाणी न घालून मारला, आणि तिसरा अगदी बरोबर चालला होता, तो कुठल्याशा सणाला सोसायटीतल्या सगळ्यांनी येऊन-येऊन तोडून नेला. आणि नाही म्हणायला मला लाज वाटली, म्हणून मीच हसत-हसत शेवटची फांदी तोडून दिली. एवढंच. खाली पन्नासेक माणसांनी आपापली मेलेली झाडं सांगितली. एकीनं लिहिलं, 'नाही म्हणायला मलाही येत नाही, झाडांचं जाऊ द्या.' ते वाचताना मला वाटलं, आपण आज पहिल्यांदा काहीतरी लिहिलंय.

सर म्हणाले, "मॅडम, मस्त. पण फळ्यावर दोन दिवसांत एकच दिसतेय. बाकीच्या तेवीस?"

मी त्यांना त्यांच्याच भाषणाची आठवण करून दिली. ते जरा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "तुमचा प्रॉब्लेम मला कळला. तुम्ही एकट्या पडताय."

आठवड्याभरात त्यांनी लिहिणारं मशीन आणलं. मशीन म्हणजे कम्प्युटरमधलाच एक प्रोग्रॅम. त्याला नमुना दिला की तो तसलं हवं तेवढं लिहून देतो. सरांनी त्याला टिंबकाकांची पोस्ट नमुना म्हणून दिली आणि दिवसाला पन्नास सांगितल्या. मला त्यांनी बढती दिली. मी क्वालिटी हेड झाले. मशीननं लिहिलेल्या पन्नास पोस्टी वाचून पास करायच्या. दिवसाला पाचापेक्षा जास्त नापास करायच्या नाहीत, एवढीच अट.

मशीन हुशार होतं. नमुन्यात लोकांना काय भिडलं ते त्यानं बरोबर हेरलं होतं. पहिल्याच सकाळी पहिली पोस्ट आली : 'माझे वडील आंब्याची कलमं करायचे. ते काही बोलायचे नाहीत.' दुसरी : 'माझे वडील विहिरीवर उभे राहायचे. ते बोलले नाहीत, पण मला सगळं कळलं.' तिसरीतले वडील भुईमुगाच्या शेतात गप्प होते. दुपारपर्यंत मशीनला पन्नास वडील झाले, सगळे अबोल, सगळे थोर. मी पाच नापास केल्या. पंचेचाळीस वडील खेळाडूंच्या बनावट नावांनी कट्ट्यावर गेले.

पहिले दोन-तीन दिवस लोकांनी डोळे पुसले. जळगावकडच्या माणसानं तर भुईमुगाच्या वडिलांना स्वतःची लांबलचक हकिकत लिहून पाठवली. एका पोस्टीखाली टिंबकाकांनी साधं विचारलं, "तुमचे वडील कोणत्या गावचे?" मशीननं ताबडतोब उत्तर दिलं : "खूप छान प्रश्न! गाव म्हणजे आपल्या मुळांशी असलेलं नातं." टिंबकाकांनी पुन्हा विचारलं, "ते झालं. पण गाव कोणतं?" मशीन म्हणालं, "आपल्या भावना मी समजू शकतो."

दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की एकाच नावाच्या माणसाचे वडील मंगळवारच्या पोस्टीत त्याच्या लहानपणी वारले होते आणि गुरुवारच्या पोस्टीत त्याच्या लग्नात गप्प उभे होते. मग लोक मागच्या पोस्टी उकरू लागले. ज्यांनी डोळे पुसले होते ते आता सगळ्यांत जास्त चिडले. जळगावचा माणूस एवढंच लिहून गेला, 'मी माझ्या वडिलांचं मरण एका यंत्राला सांगितलं.' तो परत कधी कट्ट्यावर दिसला नाही. भुईमुगाची ती पोस्ट मीच पास केली होती. ते आजही मला बोचतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात टिंबकाकांना आठवलं.

त्यांनी सुकेळीवर लिहिलं होतं. राजेळी कशी सोलायची, सात दिवस उन्हात कशी ठेवायची, रोज प्रत्येक केळं हातानं कसं उलटायचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांची पत्नी ते करत होती. आधी सासूबरोबर, मग जावांबरोबर, आता एकटी. 'मी तिला इतकी वर्षं केळी वाळत घालताना पाहिलं,' त्यांनी लिहिलं होतं, 'आणि एकदाही माशा वारायला बसलो नाही. यंदा गुडघ्यांमुळे बसलो. दिवस फार मोठा असतो.'

खाली पहिलंच उत्तर आलं : "घ्या! आजोबांचे वडील संपले, आता आजी सुरू." दुसरं : "मशीनला कुणीतरी सांगा, एवढं गोड लिहू नको." तिसऱ्यानं नुसत्या शिव्या दिल्या होत्या. शेवटी एक शहाणा निष्कर्षावर आला, की टिंब हे नावच सांगतंय, इथं माणूस नाही. केळीची पहिली पोस्टसुद्धा मशीनचीच होती, लोक उगाच रडले.

मला राहवलं नाही. मी माझ्या स्वतःच्या नावानं लिहिलं, की हे काका खरे आहेत, मी त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आहे, ती सुकेळी मी खाल्ली आहेत.

उत्तर आलं : "ही मॅडम पण मशीनच आहे. जुन्या पोस्टी बघा तिच्या. दिवसाला बारा, महिनोन्महिने, भोपळ्याची तीनदा. माणूस असं लिहील का?"

त्या उत्तराला दोन-अडीचशे लोकांनी अंगठा दाखवला. माझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडं एकही पुरावा नव्हता. कढीपत्त्याच्या पोस्टीची आठवण करून दिली असती, पण तिच्यानंतर मशीननंही तुळस, मोगरा आणि कोरफड मारून दाखवली होती.

मी सरांकडं गेले. म्हटलं, "सर, हे थांबवा. लोक शिव्या देतायत."

सरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "मॅडम, कट्टा बघा किती हलतोय."

"शिव्यांनी हलतोय, सर."

"हलतोय ना?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एकटीच रिक्षा करून टिंबकाकांकडं गेले. क्षमा मागायची होती. ते ओट्यावर नव्हते. काठी घेऊन वाडीत, बावखलाच्या कडेनं हळूहळू चालत होते. चार महिने संपले होते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्याच्या काठावरच आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं. मशीनला नमुना कुणी दिला, पास कुणी केलं, सगळं.

"वाचलं मी," ते म्हणाले. "मला मशीन म्हणाले." आणि हसायला लागले. "चूक नाही त्यांची. गुडघ्यात लोखंड आहेच की."

"काका, हसू नका. मला फार वाईट वाटलंय."

"मला पण वाटलं," ते म्हणाले. "माझ्याबद्दल नाही. तिच्याबद्दल लिहिलं ते पहिल्यांदाच लिहिलं होतं. ते खोटं आहे म्हणाले."

त्यांच्या पत्नी मागे येऊन उभ्या होत्या, हे आम्हाला कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "खोटंच आहे ते." मी दचकले. "सात दिवस कुठले? ऊन असलं तर पाच दिवसांत होतात. एवढी वर्षं घरात आहे आणि सात लिहितो. कुणी विचारलं तर सांगायचं मला, मी सांगते." आणि मला म्हणाल्या, "जेवून जा."

मी जेवून गेले. त्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर फोनमधून खेळ काढून टाकला. नातवाच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ ठेवायला जागा लागत होती.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी अजून क्वालिटी हेड आहे. कट्ट्यावर आता मशीन लिहितं आणि खाली उत्तरंही बहुधा मशीनच देतं. त्यांचं आपसात चांगलं चाललंय. सरांनी दरम्यान रिक्षा चालवायचा नवा खेळ काढलाय आणि त्याच्या कट्ट्यावर रोज सत्तर पोस्टी लागतात. मी पासष्ट पास करते.

जुन्या कट्ट्यावरची पस्तीसेक माणसं मात्र तिथून उठून गेली. आखातातल्या नर्सनं त्यांचा एक वेगळा ग्रुप काढला. नियम एकच : एका माणसानं महिन्याला एकदाच लिहायचं, आणि सांगण्यासारखं नसेल तर तेही नाही. मला आत घ्यायचं की नाही यावर तिथं बराच वाद झाला म्हणे. चंदनसारची मुलगी आधीच आत होती. तिनं आवाजी निरोप पाठवला, "ताई खऱ्या आहेत. रोज माझ्यासमोर जेवतात आणि चटणी जास्त झाली की ठसका लागतो." त्यावर मला घेतलं.

तिथं कधी-कधी आठवडा-आठवडा काहीच येत नाही. सुरुवातीला मी सारखा फोन उघडून बघायची. मला वाटायचं, बंद पडला. गेल्या महिन्यात एका एसटी ड्रायव्हरनं त्याच्या गावच्या भाताच्या खाचरावर लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर दिलं. त्यानं आणखी तीन दिवसांनी लिहिलं, 'बरं वाटलं.' मी वर्षभरात एकूण दोनदा लिहिलंय. तिसरं दोन महिने झाले अडलंय. मध्येच कुठंतरी एक वाक्य आहे, ते खरं नाही, आणि कुठलं ते मला अजून सापडलेलं नाही.